पाय कुणाचा घसरतो

रावजी : ...म्हणून म्हणतो हौसाबाई, 'पाय घसरला' एवढंच लिहू दे मला. दुपारी फौजदार यायचा आहे. तो आला की सगळं अवघड होईल.

(लांज्याकडची एक वाडी. शेजारच्या भागोजीची पडवी. कोपऱ्यात घोंगडी लपेटून गंगा बसली आहे. पहाटे भागोजीने तिला विहिरीतून वर काढलं. तिची आई हौसा निरोप मिळताच चालत येऊन पोचली आहे. रावजी वाडीचा पोलीसपाटील.)

हौसा : अवघड कोनाला व्हईल, पाटीलबुवा?

रावजी : तुझ्या लेकीला. जीव द्यायला जाणं हा सरकारी गुन्हा आहे. खटला होतो, कैद होते. रत्नागिरीच्या तुरुंगात बसवायची आहे का तिला?

हौसा : म्हंजे मरायला गेली ती गुन्हेगार. आनि मरायला लावलान ती?

रावजी : लावलं कुणी? सासूसुनेचं भांडण कुठल्या घरात होत नाही?

हौसा : ह्यां भांडान? गंगे, दाव हात. लाजू नको, दाव. बगा ह्यो डाग. उलथन्याचा हाय. पेज करपली म्हनून सासूनं, सोनूबाईनं दिलान, असां मला सांगितलां हिनं. दुसरां पोर गेलां तवा अंगावरचां दूध आटलां नव्हतां, तवर लावनीला उभी केलान चिखलात. न्हवरा गिरनीत. शिमग्याला आला तो आयशीशी बोलून परत गेला. बायकोशी शबुद नाय.

रावजी : शिवा तसा वाईट नाही गं. पण तिकडे त्याचेच हाल. त्याच्या डोक्याला इथला घोर कशाला?

हौसा : बरां, शिवाचां ऱ्हाऊ दे. ह्याच बावीत खालच्या घरातली सून मैना गेली. तिचां काय लिवलांत?

रावजी : ...पाय घसरला.

हौसा : आनि त्या आदी वरच्या घरातली?

रावजी : तेच.

हौसा : तुमच्या वाडीत पाय घसरतो तो सुनांचाच कसा? सासवांनी आख्खा जन्म ह्या बावीवर पानी भरलानी. त्यांची गुडघी लटपटतात, डोळ्यांना दिसत नाय, तरी एकीचा पाय घसरला नाय? बाप्याचा नाय घसरला? न्हवरा मुंबैला, पदरात पोर नाय, म्हायेर लांब, अशीच निवडून काडते काय ती बाव?

रावजी : लोक तेच म्हणतात. विहिरीत काहीतरी आहे. भगताला बोलवणार आहोत, बंदोबस्त करतोय आम्ही.

हौसा : बावीत पानी हाय! दुसरां कायेक नाय. जां काय हाय तां घरात हाय.

रावजी : आवाज चढवू नकोस. मी तुझ्याच बाजूनं बोलतोय. 'घसरला' लिहिलं की फौजदार आल्या पावली जाईल, आणि संध्याकाळी पोर सुखरूप घरी.

हौसा : कंच्या घरी?

रावजी : सासरी. दुसऱ्या कुठल्या? काही घडलंच नाही म्हटल्यावर...

हौसा : असां! घडलांच नाय काय. परत तीच चूल, तोच सासूचा हात. आनि सकाळी कळशी घेऊन परत त्याच बावीवर.

गंगा : आये.

हौसा : तू गप पड बाय. तुज्या अंगात जीव नाय.

गंगा : नाय, मला बोलू दे. ह्यो डाग पेजेचा नाय, आये. पाटीलमामा, मी तुमच्याकडं आलेली.

रावजी : माझ्याकडे? कधी?

गंगा : तुमी नारळ सोलीत बसलेलात. मी म्हटलां, माज्या आयशीला सांगावा धाडा, न्यायला ये म्हनावं. बावीवर गेलां की पाय मागं फिरत नाय माजा.

रावजी : तू असं उघड कुठं...

गंगा : असांच म्हटलां. ह्याच शबुदात. तुमी म्हनलात, पाटलानं बायकांची गाऱ्हानी ऐकायची तर शेती कोनी बगायची? आनि त्याच सांजेला जाऊन माज्या सासूला सांगितलात, सून दारोदार चुगल्या करते म्हनून. मी चुलीपुढं बसलेली. उलथनां चुलीतच व्हतां.

हौसा : आई गं...

रावजी : मला काय कल्पना, ती बाई असं करील? मी आपलं तिच्या कानावर...

हौसा : भागोजीला हाक मारा. म्हनावं, गाडी जुप. आमी चाललो रत्नागिरीला.

रावजी : अगं, ऐक तर...

हौसा : कोडतात सांगंल ती. व्हय, मीच उडी घेतली. का घेतली तां पन सांगंल. आदी कोनाच्या दारात गेलेली, तां पन. मग घाला आमा दोगींना तुरुंगात. मी तिच्या शेजारी बसन. निदान थंय तिच्यावर कोन नजर तरी ठेवील!

रावजी : हौसाबाई, माझी पाटीलकी जाईल.

हौसा : माजी लेक गेली असती!

रावजी : ...काय हवंय तुला?

हौसा : ही आजच माज्यासंगं येनार. सोनूबाईच्या दारात उभं ऱ्हाऊन तुमी सांगायचांत, चार मानसांदेखत. म्हनायचां, ही परत आली तर तिच्या मनानं येईल, कोनी वढून आनायची नाय. मग लिवा काय लिवायचां तां.

रावजी : सांगतो.

हौसा : मोठ्यानं.

रावजी : हो, मोठ्यानं सांगतो. ऊठ पोरी.

गंगा : मामा, माजी धाकटी जाव हाय. सावित्री.

रावजी : तिचं काय आता?

गंगा : परवा पान्याला गेलेलो दोगी. कळशी भरली तरी ती वाकून आत बगत ऱ्हायली. मी हाताला धरून मागं आनली. आता मी नसनार.

रावजी : ती? ती तर हसतमुख आहे. कालच पाहिली मी.

गंगा : मी पन हसायची, मामा.

रावजी : ...तिचं माहेर कुठलं?

गंगा : सावर्डं. बापाचां नाव केरू. मी सांगितलां तां मात्र तिला कळू देऊ नका. लाजंल ती.