पंप हाऊसमधली खंडेनवमी

मी मूळची इचलकरंजीची. बाबा मागावरचे फिटर, खंडेनवमीला सगळे पाने-हातोड्या पुसून मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. लग्न होऊन इकडं न्यू जर्सीत आले, नवरा आयटीतला, मी वर्षानुवर्षं घरात, मग ग्रीन कार्ड आलं तसा ऑपरेटरचा कोर्स केला आणि लागले कुठं, तर सांडपाण्याच्या पंप हाऊसवर. सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं बाई, अमेरिकेत जाऊन गटार?

पण काय सांगू तुम्हाला, इमारत बघाल तर बघत राहाल, शंभरावर वर्षांची, लाल विटांची, कमानीच्या खिडक्या. पूर्वी शहराची घाण नदीत आणि नदीचं पाणी लोकांच्या पोटात, माणसं पटापट जायची, म्हणून बांधलेली. वाफेचं इंजिन अजून उभं आहे, बंद, पण पितळ चकचकीत. आता विजेचे पंप खाली चालतात. माझा सीनियर टोनी, त्याचा आजा तिथं कोळसा ओढायचा. मागच्या भिंतीत मधेच फिक्या विटांचा पट्टा आहे, मला वाटायचं, डागडुजी केली असेल.

तर तिथल्या माझ्या पहिल्या खंडेनवमीला बाबांची फार आठवण आली. सकाळीच इंजिनाला फूल वाहिलं, निरांजन ठेवलं. आता पूजेला चामडं कसं चालेल, म्हणून बूट काढले, कमरेचा पट्टाही काढून लॉकरात ठेवला. आणि हवेत गॅस साठला की ओरडणारा मीटर त्या पट्ट्यालाच की हो! तो कधी काढायचा नाही हे पहिल्या दिवशी शिकवलेलं, पण माझ्या डोक्यातच आलं नाही. खाली टोनीनं सांडपाण्याच्या विहिरीचं झाकण उघडलेलं, हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडलेला, घाणीतला पेटणारा गॅस वर चढत होता, आणि मी काडी ओढली. पेटली नाही. गावाहून आणलेली काड्यापेटी, तिथल्या ओलीनं सादळलेली. दुसरी काडी काढली तोवर टोनी जिन्यावरून नो, नो ओरडत आला, त्याचा मीटर नुसता किंचाळत होता, त्यानं माझा हातच धरला आणि ओढत बाहेर नेलं. अनवाणीच.

बाहेर गवतावर बसलो. तो रागावला नाही. म्हणाला, ती फिक्या विटांची भिंत बघतेस ना, माझ्या आजाचा भाऊ कंदील घेऊन खाली उतरला होता. ती भिंत उडाली. तो सापडलाच नाही.

टोनी रिटायर झाला, आता तिथली सीनियर मी. भीती मात्र गेली नाही. घरी देवापुढं निरांजन लावताना काडी हातात धरून तशीच बसते, मुलगी म्हणते, मॉम, लेट मी, आणि तीच लावते. खंडेनवमीला अजून इंजिनाला फूल वाहते, पण पायात बूट, कमरेला चामड्याचा पट्टा, मीटर चालू. देवाला चालत असेल, नसेल. त्या भिंतीत आणखी नव्या विटा लागू नयेत, एवढंच मागते.