खिडकीपाशी

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. सासूबाईंना आत तपासत होते.

"आतल्या खोलीतलं रोप पिवळं पडलं होतं ना ताई, ते मी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं."

"पाणी घालत नसशील."

"रोज घालत होते. नुसत्या पाण्यानं काय होतंय? पानं उजेड धरतात, त्यावर स्वतःचं अन्न करतात. तिथं उजेडच नाही, म्हणजे उपासच."

"मग आता?"

"नवी पानं आलीत. सगळी काचेकडे वळलेली."

"चला, घरात एक तरी सुधारलं."

"कुंडी उचलली तेव्हा आई तिथल्याच पलंगावरून म्हणाल्या, 'माझा नंबर कधी?'"

"चेष्टेनं म्हणाल्या असतील गं."

"हसल्या नाहीत."

"खिडकीपाशी ह्यांचं टेबल आहे. हात लावलेला खपत नाही त्यांना."

"म्हणून तर मी पलंग हलवायचा विषय काढला नाही."

"दमले गं मी, सगळ्यांच्या मर्ज्या राखून."

"मी पण."

"पलंगाचं एक टोक तुला झेपेल?"

"झेपेल. पण भाऊजी ओरडले तर?"

"ओरडू देत. आल्या बघ आई, त्या बाजूनं धर. हळू, आई. आजपासून खिडकीपाशी झोपायचं तुम्ही."

"आणि थोरल्याचं टेबल?"

"जाईल आतल्या खोलीत."