कालवलेली बाटली

परळच्या इस्पितळात वडिलांच्या खाटेशी बसलेल्या मृणालिनीला शेजारच्या खाटेपाशी चढलेला आवाज ऐकू आला. त्या खाटेवरच्या, संपात नोकरी गेलेल्या गिरणी कामगाराची बायको, तुळसा, नर्सवर उखडली होती.

"कॅन्सरचं औषध सकाळी सलाईनच्या बाटलीत कालवलंत, आणि आता ओतून देता?"

"बाई, कालवलेलं फार वेळ टिकत नाही, त्याचा जोर जातो. लावायला डॉक्टर वेळेवर आलेच नाहीत, मी काय करू?"

"मग बोलवा त्यांना! संपात जो तो थांब थांबच म्हणायचा. आता ह्यांच्या आजाराला पण थांब म्हणून सांगू?"

तेवढ्यात डॉक्टर आले.

"काय गोंधळ आहे? द्या इकडे, तीच लावतो. एवढ्यानं काही होत नाही."

"सर, मी नाही देणार."

"सिस्टर, मी सांगतोय."

"आन् मी सांगते, हात लावायचा नाय! जोर गेलेलं पाणी माझ्या माणसाला? तुमच्या बापाला लावाल?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"नवीन कालवा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून तिथंच बसले.

मृणालिनीनं वडिलांच्या हातात थेंब थेंब उतरणाऱ्या औषधाच्या बाटलीकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली.

"सिस्टर, बाबांची ही बाटली कधी कालवलीय?"