ढकल गं भिंत!

दाताच्या दवाखान्यात मी माझ्या नंबराची वाट बघत बसले होते. आतल्या मशीनची घरघर ऐकून समोरची पाच-सहा वर्षांची मुलगी कानांवर हात ठेवून किंचाळली. आईने तिला भिंतीपाशी उभं केलं.

“ढकल भिंत. दोन्ही हातांनी, सगळा जोर लाव.”

“सूनबाई, लोक बघतायत,” शेजारी बसलेल्या सासूबाई कुजबुजल्या.

“बघू देत, आई. जोर लावला की तिचं अंग निवतं, मग मनही निवतं.”

“आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा.”

“त्या धपाट्याने तुमचा लेक गप्प झाला, तो अजून गप्पच आहे. राग आला की दार लावून बसतो. माझ्या पोरीचं तसं होऊ देणार नाही मी.”

सासूबाईंनी वळून नातीकडे बघितलं. तेवढ्यात कोपऱ्यातले एक गृहस्थ बोलले.

“अहो, पोरीला जरा शिस्त लावा. काय तमाशा हा?”

“तमाशा कसला?” सासूबाईच उठल्या. “घाबरलीय ती, आणि स्वतःला सावरतेय. तुम्हाला जमतं का?”

“पण भिंतीला असं...”

“पडली तर बांधून देईन. ढकल गं बाळा, अजून जोरात!”

“आजी, माझं झालं. आता जाऊ या आत.”

“थांब जरा. माझा राग कुठे उतरलाय अजून? सरक, मला जागा दे.”