शोधायचं कशावरून

(राहू गाव, सत्तरच्या दशकातली एक रविवार दुपार. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारी रंभा आत्याकडे, नकुशीकडे, आली आहे.)

नकुशी : म्हंजी कारखान्याच्या समद्या सभासदांचा ऊस त्या पुण्याच्या मशिनीत? बापाला सही धड येईना, आन् पोरगी मशिनीला शिकवती!

रंभा : शिकवत नाही गं आत्या. तिनं काय करायचं ते कार्डांना भोकं पाडून लिहून देते. उद्या साहेबांना दाखवायचंय.

नकुशी : तेच ते. एवढ्या माणसांतनं माझा ऊस कसा हुडकती ती?

रंभा : नावावरून. कशावरून शोधायचं ते आधी सांगावं लागतं. त्याला आम्ही किल्ली म्हणतो. साहेब म्हणाले, शेतकरी खिडकीवर येऊन नावच सांगतो, मग नावच किल्ली ठेवा.

नकुशी : शाना हाय साहेब. आन् मागनं नाव बदलायचं झालं तर?

रंभा : किल्ली बदलता येत नाही. जुनी नोंद पुसायची, नवी घालायची. मग आधीच्या नावावर घातलेला ऊस तिला सापडत नाही.

नकुशी : मग ऱ्हाऊ दे.

रंभा : काय राहू दे? इकडं बघ, आत्या.

नकुशी : कारखान्यात वजनकाट्यावर उसाची गाडी लागली की भोंग्यातनं हाक मारत्यात, नकुशीऽ! गाडीवाले हसत्यात. पोरीवर पोर झाली म्हणून बानं ठिवलं. म्हनलं, आता समदं नव्यानं लिवत्यात, तर... जाऊ दे. चा घे.

रंभा : थंडीत पाणी धरून तू ऊस वाढवलास, त्यावर मला शिकवलंस. आणि मी तुलाच त्या नावात अडकवून ठेवणार होते.

नकुशी : तुला काय ठाव?

रंभा : असायला हवं होतं. लग्नात नाव बदललेल्या बायका काय कमी आहेत? किल्ली सभासद नंबरची करते. तो बदलत नाही. नाव दुसरी किल्ली; न बदलायचं बंधन फक्त पहिलीला. खिडकीवर नाव सांगितलं तरी सापडेल, आणि हवं तेव्हा बदलता येईल.

नकुशी : आन् केल्यालं काम?

रंभा : बरंच परत लिहायचं. कार्डं परत पंच करायची. उद्या दाखवायला काही नाही.

नकुशी : साहेब बोलंल की गं. एका बाईपायी...

रंभा : बोलू दे.

नकुशी : बापावर न्हाई गेलीस तू. माझ्यावर गेलीस.

रंभा : नाव कोणतं लावायचं?

नकुशी : आजवर कुणाला सांगितलं न्हाई. विठाबाई.

रंभा : विठाबाई आत्या!... आत्या, अगं तुलाच हाक मारतेय.

नकुशी : व्हय गं, आलं ध्यानात. परत एकदा मार.