जटामांसीचा गुण

झोपेच्या औषधाचं म्हणाल, तर आमच्या सरांचं ऐका. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला सोलापुरात मी त्यांच्या हाताखाली उंदरांना जटामांसीचा अर्क पाजायचो. पाजला की उंदीर गाढ झोपायचे. सर खूश. याच अर्कावरचा सरांचा प्रबंध तपासायला पुण्याहून परीक्षक आले, आणि नेमके त्याच दिवशी अर्क पिऊनही उंदीर पिंजऱ्यात नाचायला लागले.

मग माझ्या लक्षात आलं, भिंतीपलीकडचे यंत्रमाग आज बंद आहेत. आमचे उंदीर त्या खडखडाटातच लहानाचे मोठे झालेले. मी पळत मागवाल्या मामांकडे गेलो.

"मामा, जरा वेळ माग चालवा की."

"सुट्टी हाय की आज. कशाला?"

"उंदरांना झोपवायचंय."

"मग बरोबर हाय. आमचा नातू बी सुट्टीदिवशी झोपत न्हाय."

मामांनी माग सुरू केले. मी परत येऊन बघतो, तर उंदीर आडवे, आणि रात्रभर रेल्वेत जागून आलेले परीक्षकही खुर्चीत घोरतायत. त्यांना उठवायची सरांची काही छाती होईना.

थोड्या वेळानं मामांनी माग थांबवले आणि उंदरांसकट परीक्षक दचकून जागे झाले. डोळे चोळत सरांना म्हणाले, "औषध जबरदस्त आहे हो. मला तर नुसत्या वासानंच लागली."