डावीकडचं दार

दवाखान्यातला कंपाउंडर नंबर पुकारायचं सोडून कान देऊन ऐकत होता. समोरच्या बाकावर मावशी आणि भाचा बसले होते. भाचा ऑफिसात चक्कर येऊन पडला होता आणि उद्या परत कामावर जायला त्याला डॉक्टरांचा दाखला हवा होता. तोवर त्याच्या मोबाइलवर ऑफिसचाच गेम चालू होता आणि मावशी त्यात डोकावत होती.

“मेलास का रे?”

“मीटिंगने मारलं, मावशी.”

“मीटिंगने माणूस मरतो?”

“दुसऱ्या तासाला.”

“आणि हे कोण धावत आले?”

“माझ्याच खात्यातले. खुर्ची न्यायला.”

“अगं बाई! कुणी रडतंय तरी का?”

“तो कोपऱ्यातला रडतोय. त्याला खुर्ची मिळाली नाही.”

“आता काय?”

“आता परत सोमवार. सगळं पहिल्यापासून, फक्त खोल्या इकडच्या तिकडे होतात.”

“आणि शेवटी काय आहे?”

“कुणास ठाऊक. साहेबांच्या केबिनपुढे मी कधी पोचलोच नाही.”

“पण तू सारखा उजवीकडेच काय पळतोस? डावीकडे दार आहे की. आत आलास ते.”

“तिकडे कुणी जात नाही, मावशी.”

“कुलूप आहे?”

“बघितलं नाही कधी.”

“मग बघ ना, बाळा.”

“उघडलं!”

“बाहेर काय आहे?”

“रस्ता. झाडं. नुसता चालतोय मी.”

“कुणी मारत नाही ना?”

“अजून तरी नाही.”

“दाखल्यावाले, चला आत,” कंपाउंडर नाइलाजाने म्हणाला.

भाच्याने मान वर केली नाही.

“पुढच्यांना सोडा हो,” मावशी म्हणाली. “हा जरा बाहेर गेलाय.”